चौकोनांची रांगोळी

कोल्हापूर, २४ जानेवारी २००५

ह्याला पत्र म्हणत्यात व्हय गं? दोन वर्सं तोंड न्हाय दाखवलंस, आणि आता धाडलंस ते काय, तर कागदभर चौकोन! एक अक्षर न्हाय. आईला लिहायला तुला एक अक्षर सापडलं न्हाय? तोंड दाखवू नको असं मी म्हणालते, कबूल. फोन केलास तवा तुझा आवाजसुदिक ऐकायचा न्हाय म्हणालते, ते पण कबूल. पण जन्मात कधी माझं ऐकलं न्हाईस. लग्न ठरवताना ऐकलं न्हाईस, रजिस्टरवर सही करताना ऐकलं न्हाईस. मग एवढंच बरं ऐकलंस गं?

झालं असं. आपल्या पुढच्या गाळ्यात जोतीराम शिंपी होता, तो गेला. आता तिथं नेट कॅफे हाय. चालवतीया वर्षाराणी, तुझ्याच वर्गातली, मधल्या सुट्टीत तुझा डबा खाणारी. आज सकाळी मी अंगण सारवत होते, तर ही कागद नाचवत आली.

"काकू, पवित्राची मेल आलीया! कागदावर काढून अव्वाला द्या म्हणून वर इंग्लिशमधी ओळ हाय. पण खालचं मराठी दिसंना झालंय. नुसते चौकोन आलेत."

"चौकोन कशानं?"

"आमच्या मशीनीत ह्या अक्षरांचा साचा न्हाय. साचा नसला की मशीन अक्षराच्या जागी रिकामं घर काढतंय. थांबा, मी तिला उलट कळवते."

मी म्हटलं, "काय कळवायचं न्हाय. एक शब्द कळवलास तर पुढल्या महिन्यात गाळा रिकामा करायचा. आण हिकडं."

ती गेली तोंड वाकडं करून. जाता जाता म्हणते कशी, "पवित्रा बेंगलोरला हेच तर काम करती काकू. मराठी, कन्नड लिहायचा प्रोग्रॅम. जी अक्षरं मोडून दिसत्यात ती दुरुस्त करती."

म्हंजे बघ. जगाच्या अक्षरांचा दवाखाना काढलास, आणि आईच्या वाट्याला रिकामी घरं.

पण मी कागद जवळ घेऊन बसले तवा माझ्या ध्यानात आलं. वर्षाराणीला काय कळतंय? तू सांगलीला हॉस्टेलवर होतीस तवा प्रत्येक पत्राच्या शेवटी मला एक रांगोळी धाडायचीस. ठिपके मोजून, चौकोन आखून. "अव्वा, ही सोमवारी काढ." मी काढायची. चार वर्सं आपली अंगणं अशी एक होती, तुझ्या खोलीपुढचं आणि माझ्या दारातलं. तर ही रांगोळीच हाय. राग हाय म्हणून शब्द न्हाईत, एवढंच. आईवर रुसून पोरगी रांगोळी धाडती, मला कळतंय की.

हे पत्र मी टाकणार न्हाय. कागद पडला होता, पेन पडलं होतं, म्हणून लिहिलं. आशीर्वाद मनात आला तर शेवटी बघू.


कोल्हापूर, ९ मार्च

काल शिवरात्र झाली. मठात गेलते. सगळ्यांनी पोरीची चौकशी केली, मी म्हटलं बरी हाय.

रांगोळी रोज काढते. तुझ्यासाठी न्हाय, दार मोकळं बरं दिसत न्हाय म्हणून. पहिली ओळ एकट्या पाच चौकोनांची, जरा बाजूला. मग खाली रांगा. चार, मोकळी जागा, चार, मोकळी जागा, सहा. कुठं टिंब, कुठं बारकी शेपटी. आधी हात चुकायचा. आता डोळे मिटून पण चिमूट बरोबर पडती. पहाटं गारवा असतोय, नदीकडनं धुकं येतंय, गुऱ्हाळाचा गोड वास गल्लीत भरून राहतोय, आणि त्या धुक्यात पांढरे चौकोन एकेक करून उमटत जात्यात. गंगावेशीला दूध काढायला निघालेल्या म्हशी येत्यात, थांबत्यात, हुंगत्यात आणि बाजूनं निघून जात्यात. एकीनं अजून पाय दिला न्हाय. गल्लीतली पोरं देत्यात.

तुझे अप्पा अडतीवर गुळाला जाताना दारात चप्पल काढत्यात, भिंतीला धरून कडंकडंनं जात्यात, पलीकडं जाऊन चप्पल घालत्यात. मी म्हटलं, "काय हो, देऊळ हाय का?" तर म्हणाले, "पोरगी कायतरी म्हणतीया." एवढंच. त्यांचं बोलणं तुला ठाऊक हाय, महिन्याचा कोटा ठरलेला.

समोरची चिमणाबाई कमरेवर हात ठेवून उभी. "शांतव्वा, ही कसली गं तुझी रांगोळी? ना कमळ, ना कासव, ना गोपद्म!"

"बेंगलोरची हाय."

"बेंगलोरात काय माणसं चौकोनी असत्यात व्हय?"

"असत्यात की. तू गेलीस तर तुला गोल म्हणून परत धाडतील."

चार दिवस बोलली न्हाय. बरं झालं.

एक सांगते. परवा दुपारी पडल्या पडल्या डोळा लागला, तर ते चौकोन खिडक्या झालेले. उंच इमारत, माळ्यावर माळे, सगळ्या खिडक्या उघड्या आणि आत कुणी न्हाय. मी खाली रस्त्यात उभी, हातात रांगोळीची वाटी. एकेका खिडकीत बघत चाललीया. शेवटून तिसऱ्या ओळीत पडदा हलला. तू होतीस का कोण होतं, कळायच्या आत खालनं कुणीतरी दूध म्हणून हाक मारली आणि जाग आली. तवापासनं काढताना मी प्रत्येक चौकोन जरा उघडा ठेवते, कोपऱ्यात. वारं जायला.

शेवटून तिसरी ओळ मला लई आवडती. तीन चौकोन, मोकळी जागा, दोन चौकोन आणि पुढं एक कोयरी. तेवढी कोयरीच काय ती वळणदार, बाकी सगळं काटकोनात. म्हणून तिच्यात मी रोज हळद भरते आणि खालच्या टिंबावर कुंकू ठेवते. उन्हात लई झळकती.


कोल्हापूर, ९ एप्रिल, पाडवा

गुढी उभी केली. साखरेची माळ, कडुलिंबाचा पाला, तुझी जरीची साडी. ती तू कपाटात टाकून गेलीस म्हणून वापरली, दुसरं काय कारण न्हाय. आज गेरू लावून अख्ख्या अंगणभर रांगोळी काढली, रस्त्यापातूर. गल्ली बघायला आली. चिमणाबाईपण आली, मुकाट बघून गेली.

आणि मला राग आला. कशाचा ते ऐक. मोठी काढली तवा दिसलं की ही रांगोळी बंदच होत न्हाय. उजवी कड ओबडधोबड, खाली शेवटाला तीनच चौकोन एका कोपऱ्यात लोंबत्यात. रांगोळी कशी असावी? जिथनं सुटली तिथं येऊन मिळाली पायजे. तुला मी तेच शिकवलंय. तू पाच वर्सांची असताना एक ठिपका सुटला तर रडून पुसायला लावायचीस. तू अशी उघडी सोडणार न्हाईस.

म्हंजे कागद अर्धाच दिलाय त्या सटवीनं! गेले तशीच, हात गेरूचे.

"वर्षे, पुढचा कागद काढ."

"काकू, सगळं एवढंच हाय."

"रांगोळी पुरी न्हाय ही."

तिनं कपाळाला हात लावला. "काकू, ती रांगोळी न्हाय. जानेवारीपासनं सांगतीया मी. पत्र हाय ते, पत्र! तुम्ही ऐकून घेत न्हाई. तुमच्या दारातनं रोज येताना मला कसंनुसं होतंय. कुणाचं तरी पत्र तुडवल्यागत."

कॅफेत दोन पोरी बसल्या होत्या, त्या फिदीफिदी हसल्या. मी त्यांच्याकडं बघितलं. थांबल्या.

"मग दाव काय हाय ते," मी म्हटलं.

"आत्ता न्हाय दिसायचं. साचा आणाय लागतोय. आमचे दाजी कृष्णात, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या हापिसात हाईत. त्यांच्याकडं असंल."

"मग आण की. का मुहूर्त बघायचा?"

पाडवा असून माझा मुहूर्त चुकला. घरी आले तर वाऱ्यानं अर्धी रांगोळी उडालेली, कोयरी तेवढी राहिलेली.


कोल्हापूर, १३ एप्रिल

वर्षाराणीनं बोलावलं. साचा आला. पडद्यावर चौकोन गेले आणि अक्षरं आली. पण कसली अक्षरं गं ती! जत्रंत चेंगराचेंगरी झाल्यासारखी. वेलांटी ज्याच्या आधी चालायची त्याच्या मागं राहिलेली. जोडाक्षरांची फारकत झालेली, वरल्याच्या पायात काठी अडकलेली आणि खालचा लांब जाऊन उभा. मधीमधी ठिपक्यांचं एक कडं, त्यात मात्रा एकटीच टांगलेली, आईबाप हरवल्यासारखी.

"आता साचा हाय," वर्षाराणी म्हणाली, "पण मशीनीला जोडायची अक्कल न्हाय. आपल्या अक्षरांत कोण कुणाला चिकटतंय, कोण आधी लिहून मागनं बोलतंय, हे तिला वेगळं शिकवाय लागतंय. त्याची सीडी लागती. दाजी रविवारी आणणार हाईत."

मी पहिली ओळ बघितली. ती पाच चौकोनांची, जरा बाजूची. अ. मग व, त्याच्या पायात काठी. मग एक सुटा व, आणि काना.

चौथी शिकलीया मी. मला लई वेळ लागला न्हाय. अव्वा म्हणणारं मला ह्या जगात एकच माणूस हाय.

"पुढचं अंदाजानं वाचून दाखवू का काकू?" वर्षाराणी हळू आवाजात म्हणाली.

"गप बस. माझ्या पोरीचं पत्र अंदाजानं न्हाय वाचायचं."

तिथनं उठले ती घरी आलेच न्हाय. पाय नेतील तिकडं गेले, रंकाळ्यावर पोचले. ऊन उतरलं होतं. पाण्यावर सगळी मोडकी अक्षरं पसरली होती, खरंच सांगते. बगळा उडाला की मला मात्रा वाटायची, कुणाच्या डोक्यावर बसावं ह्याचा विचार करत फिरणारी. पाणकणसाच्या काड्या म्हंजे काने. एक अर्धा व काठाला एकट्यानंच उभा होता, पाण्यात पाय सोडून. मी त्याला म्हटलं, ये. माझ्या मांडीवर ये. वाऱ्यानं लाट आली, तो हलला, आला न्हाय. शेजारी भेळ खाणारी बाई माझ्याकडं बघून सरकून बसली.

रविवार लई लांब हाय.


कोल्हापूर, १८ एप्रिल

काल कृष्णात सीडी घेऊन आला. वर्षाराणीनं कुठं कुठं जाऊन एक बारकी चौकट उघडली, तिच्यात बरोबरची खूण केली, सीडी घातली, मशीन बंद करून चालू केली. मी म्हटलं, "एवढंच? एका खुणेसाठी मला तीन महिने तंगवलं?" ती म्हणाली, "काकू, तुम्ही मला तंगवलंय." पोरगी धीट झालीया. आवडली मला.

आणि मग पडद्यावर सगळी आपापल्या जागी येऊन बसली. वेलांटी पुढं आली. व ला व चिकटला. कुणाचं कुणाशी भांडण नसल्यासारखी.

वर्षाराणी बाहेर जाऊन उभी राहिली. मी वाचलं. तू काय लिहिलंयस ते तुला ठाऊक हाय, तरी मी हितं उतरवून काढते. माझ्या अक्षरात. म्हंजे पोचलं हे तुला दिसंल.

'अव्वा,
माझा आवाज ऐकायचा नाही म्हणालीस, म्हणून लिहिते. पाकिटं तू न उघडता परत केलीस, म्हणून असं पाठवते. हे आमच्याच प्रोग्रॅममध्ये लिहिलंय. ह्यात अक्षरं मोडत नाहीत, वर्षभर त्याच्यावरच बसले होते. पहिला शब्द कुठला लिहून बघू असं झालं, तेव्हा तुझंच नाव लिहिलं. बरोबर जुळलं.
मला दिवस गेलेत. तिसरा लागलाय. धैर्यशीलच्या घरचे मुरगूडला ये म्हणतात, सगळी चांगली आहेत. पण आपल्यात पहिलं बाळंतपण आईकडं असतं. मला तुझ्या हातची डिंकाची पेज पाहिजे. भीती वाटते, आणि ते मी इथं कुणाला सांगत नाही.
येऊ का?
पाडव्यापर्यंत वाट बघेन. उत्तर आलं नाही तर नको म्हणालीस असं समजेन. रागावणार नाही.
पवी'

तीन चौकोन, मोकळी जागा, दोन चौकोन आणि कोयरी.

रोज, पवे. जानेवारीपासनं रोज मी ते दारात काढत होते. तुझं 'येऊ का' म्हशींनी वाचलं, चिमणाबाईनं वाचलं, तुझ्या अप्पांनी चप्पल काढून वाचलं. पाडव्याला तू त्या मशीनीपुढं बसून राहिली असशील. तवा मी तेच रस्त्यापातूर लांबवत होते आणि हळद भरत होते. आणि वरनं ओरडत होते की ही पुरी का होत न्हाय.

एक गोष्ट हाय. प्रश्नचिन्ह मला ओळखता येतंय. चौथी पास हाय मी, तवा पण यायचं. पहिल्या दिवशी कागद घेऊन बसले तवाच दिसलं होतं. पण प्रश्न म्हटला की उत्तर द्यावं लागतंय, आणि कोयरी म्हटली की नुसती हळद भरून चालतंय. ह्याच्यापुढं मी बोलणार न्हाय. तू पण विचारायचं न्हाय.

आज सकाळी रांगोळी काढली न्हाय. चिमणाबाई धावत आली, "शांतव्वा, बरी हाईस न्हवं?" म्हटलं, बरी हाय. बाळंतशोप कुठं चांगली मिळती सांग. तिनं तोंडावर हात ठेवला आणि गल्लीभर झाली.

आता ऐक.

पाडवा गेला तर गेला. पाडव्याची मुदत तू घातलीस, मला विचारून न्हाय. मी ती मानत न्हाय. नको असं मी म्हणालेच न्हाय, तर तू समजलीस कशी? मुरगूडला गेली असलीस तर सासूबाईंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, पहिलं आमच्यात, दुसरं तुमच्यात, तिसऱ्याला भांडू. त्या पावण्यालापण आण. दोन वर्सं जावई हाय आणि मी त्याचं तोंड बघितलं न्हाय. म्हणावं, दारात रांगोळी असंल, चप्पल काढून भिंतीकडनं यायचं. सासरा दावंल कसं ते.

आतली खोली मी झाडून घेतली. बाज उन्हात टाकलीया. अप्पांनी डिंक आणला, मी सांगायच्या आधी. आणला आणि एक वाक्य बोलले, "आता येईल." एप्रिलचा कोटा संपला.

वर्षाराणी म्हणती, "काकू, मेल करते, मिनिटात जाईल." मी म्हटलं, मिनिटात आलेलं तीन महिने माझ्या दारात पडून होतं. तिकडं तुझ्या मशीनीत काय बिघाड झाला आणि माझं पत्र चौकोन होऊन उतरलं तर? तू कुठं रांगोळी काढत बसशील? म्हणून हे सगळे कागद, जानेवारीपासनंचे, पाकिटात घालून टपालानं धाडते. पत्ता कुठनं आणलास म्हणून विचारू नको. तुझी पाकिटं परत धाडली, ती न उघडता धाडली, पण मागची बाजू वाचायला उघडाय लागत न्हाय. सगळा पाठ हाय. घर नंबर, क्रॉस, मेन, पिनकोडसकट.

तुझा फोन नंबर तेवढा त्यात न्हवता. म्हणून फोन तूच करायचा. घरचा नंबर तोच हाय. मेल नको, पत्र नको, चौकोन तर नकोच नको. आवाज ऐकायचा न्हाय म्हणालते, तो ऐकायचाय. येते म्हण, न्हायतर येत न्हाय म्हण, पण तोंडानं म्हण. मी फोनजवळ बसून हाय. अप्पांनासुद्धा उचलू देत न्हाय.

बसवजयंती अकरा मेला हाय, बुधवारी. त्या दिवशी दिवे लागायच्या आत तुझा फोन आला पायजे. न्हाय आला तर गुरुवारच्या पहिल्या गाडीनं मी बेंगलोरला येते आणि तुझ्या दारात उभी राहून गल्ली गोळा करते. मी करते हे तुला ठाऊक हाय.

आशीर्वाद घे. दोघींना, न्हायतर दोघांना, जे असंल त्याला.

येतीस का?

शेवटाला काढलंय ती कोयरी न्हाय. अकरा मे.

तुझी
अव्वा